जिम्नी मॅन्युअल, दुसऱ्या पावसाळ्यानंतर: पीएस सोडा, लो-रेंज बघा

परवा माझ्या मारुती जिम्नीच्या टायरवरून ठाण्यात कोलशेत रोडला एका टायरवाल्याशी चांगलंच वाजलं, म्हणून आज लिहायलाच बसलो. मागचं एक टायर कडेने फाटलं होतं, तर या गृहस्थाने १९५ मिलिमीटर रुंदीच्या जागी २०५ चं बसवून दिलं आणि वर म्हणतो, "साहेब, एवढ्याने काय होतंय, सगळे चालवतात." अहो पण ही पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे, म्हणजे चारही चाकांना ताकद गरजेपुरतीच द्यायची! पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारं मधलं डिफरन्शियलच नाही, फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाकलं की पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधला जातो, मग एका चाकाचा घेर वेगळा असेल तर तो फरक जाणार कुठे? सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्टवर. चिखलात चाक घसरून तो ताण सुटतो, कोरड्या डांबरावर सुटत नाही, म्हणून तर कोरड्या रस्त्यावर फोर-हाय टाकायचं नसतं. बराच वेळ हुज्जत घातल्यावर त्याने १९५/८० आर १५ मागवून दिलं. मी मागची दोन्ही बदलली, पैसे गेले पण डोक्याला ताप नाही.

आता इंजिन. १०५ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर), १३४ न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर), यावरून लोकांनी मला घेण्याआधीपासून ऐकवलंय. महिंद्रा थार डिझेलला १३० पीएस आणि ३०० न्यूटन मीटर, त्यामुळे कागदावर तुलनाच होत नाही, मान्य. पण मी राहतो कासारवडवलीला, ऑफिस वागळे इस्टेटला. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) येतो, त्यातली काजळी जळायला एक्झॉस्ट नीट तापावा लागतो, आणि घोडबंदर रोडवर रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीचा तो तापणार कधी? तुमचं दर आठवड्याला नाशिक-पुणे होत असेल तर बिनधास्त डिझेल घ्या, माझं होत नाही. थार पेट्रोल टर्बो, १५० पीएस, चालवायला फार मस्त वाटली, पण पेट्रोलचा खर्च बघून मागे फिरलो. फोर्सची गुरखा तर मला मनापासून आवडते, पुढे-मागे दोन्ही डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्रच फिरायला लावणारे लॉकर), २०२४ पासून १४० पीएस आणि ३२० न्यूटन मीटर, अजून काय पाहिजे, पण आमच्या सोसायटीच्या एकावर एक गाड्या लावायच्या स्टॅक पार्किंगमध्ये ती मावत नाही. थारची पाच दरवाज्यांची रॉक्स तेव्हा आली नव्हती, आणि तिच्यातही फोर बाय फोर हवं तर डिझेलच.

पहिले काही महिने हायवेला मी खरंच वैतागायचो. पाचच गिअर, १०० च्या स्पीडला इंजिन तीन हजार आरपीएमच्या वर, कसारा घाटात चार माणसं आणि सामान असलं की तिसऱ्यावर यावंच लागतं. तेव्हा कोणी विचारलं असतं तर थार घे म्हणून सांगितलं असतं.

आता नाही सांगणार, कारण यंदाचा जुलै. मामाचं शेत टोकावड्याच्या पुढे आहे, मुरबाडहून माळशेजला जाताना. आवणीचे दिवस, ट्रॅक्टर जाऊन-येऊन वाटेवर दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या, त्यात गढूळ पाणी, मधला मातीचा उंचवटा गाडीच्या पोटाला लागेल असा. मामा बांधावरून ओरडतोय, "अरे थांब, ट्रॅक्टर लावतो." एक चाक चाकोरीत, एक उंचवट्यावर घेतलं, पूर्ण थांबलो, क्लच दाबून तो छोटा लिव्हर खाली ढकलून फोर-लोला, म्हणजे लो-रेंजला, टाकला. लो-रेंजमध्ये चाकापर्यंत पोचणारा टॉर्क साधारण दुप्पट होतो आणि वेग निम्मा, तिथे १३४ चा आकडा विसरायला होतं. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडला, अ‍ॅक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच नाही, आणि गाडी आपली चालत सुटली. मध्ये डावीकडचं मागचं चाक नुसतं फिरायला लागलं. इथे बरेचजण घाबरून पाय काढतात, तसं करायचं नाही. जिम्नीला लॉकर नाही, ब्रेक एलएसडी आहे, म्हणजे फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे ढकलतात, त्याला समजायला जरा वेळ लागतो. हलका थ्रॉटल तसाच धरून ठेवला, खालून कर्र-कर्र आवाज आला, एक झटका, आणि बाहेर. ब्रेक एलएसडी म्हणजे स्वस्तातली पळवाट असं मी समजायचो, तो समज त्या दिवशी गेला. मोठ्या दगडांत, चाक हवेत लटकतं तिथे खरा लॉकरच पाहिजे हे मात्र आजही म्हणेन, तिथे गुरखा पुढेच.

दुसरी गोष्ट वजन. ही १,२०० किलोच्या आसपास, थार त्याहून कितीतरी जड. कोकण-मुरबाडच्या भिजलेल्या मातीत जड गाडी आधी रुतते आणि मग ताकद लावते, हलकी गाडी वरच्यावर निघून जाते. हे कुठल्या ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत. पोटाची अडचण मात्र आहेच, पाच दरवाज्यांमुळे लांबी वाढली आणि ब्रेकओव्हर अँगल (पोट न टेकता उंचवटा ओलांडता येतो तो कोन) २४ अंश, त्यामुळे उंचवटा मधोमध घेऊ नका, वरच्यासारखं एक चाक त्याच्यावर चढवा.

मायलेज ठाण्यात बारा-तेरा, हायवेला पंधरा. टाकी ४० लिटरचीच, लांबच्या प्रवासात पंपावर सारखं थांबावं लागतं.

घ्यायचा विचार असेल तर शोरूमवाल्याला सांगा, पुढच्या कच्च्या चढावर फोर-लो टाकून क्लच सोडून दाखव. थारलाही तेच करायला लावा, गुरखालाही. मेन रोडवर पळवून दाखवलेली टेस्ट ड्राइव्ह या गाड्यांना काही कामाची नाही, आणि नुसतं दिसण्यासाठी हवी असेल तर टू-व्हील ड्राइव्ह थार घ्या, पैसे वाचतील.