हँक स्नो म्युझियम, लिव्हरपूल: मी बायकोसाठी गेलो होतो

आधीच सांगतो, हे इंग्लंडातलं लिव्हरपूल नव्हे, बीटल्स शोधत कोणी जाऊ नका. हे कॅनडात, नोव्हा स्कोशियात, हॅलिफॅक्सहून १०३ नंबरच्या हायवेने साधारण दीड तास. हँक स्नो म्हणजे इथला जुना कंट्री गायक, कंट्री म्हणजे तिकडची गावाकडची गिटारवरची गाणी. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, बायको गाडी चालवताना हँक स्नोच लावते आणि मी खिडकीबाहेर बघत बसतो, तर तिच्यासाठी गेलो.

म्युझियम जुन्या रेल्वे स्टेशनात आहे. मला वाटलं जागा स्वस्त मिळाली असेल, पण नाही. आईबाप वेगळे झाल्यावर हँक आजीकडे वाढला, आईला भेटायला चोरून चालत लिव्हरपूलला यायचा आणि घरी गेलं की आजी बडवणार म्हणून रात्र याच स्टेशनात काढायचा. हे कळलं आणि मी जरा गप्पच झालो.

१२ व्या वर्षी हा ल्युनेनबर्ग बंदराच्या शिडाच्या मच्छीमार बोटींवर पोऱ्या म्हणून लागला. माझे आजोबा हर्णैचे, त्यांच्या होडीवर पण असा एक पोऱ्या असायचा, पाणी उपसायचं, भात शिजवायचा आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या, त्यामुळे हे मला कोणी समजावून सांगायला नको. हँक शिवाय बोटीवर माउथ ऑर्गन वाजवून खलाशांना गाणी ऐकवायचा म्हणे. पहिली गिटार ईटन नावाच्या दुकानाच्या कॅटलॉगमधून मागवलेली, ५ डॉलर ९५ सेंट. १९३० मध्ये सेबल बेटाजवळ वादळात सापडला, कसाबसा वाचला आणि समुद्राला रामराम केला. गंमत म्हणजे ज्या गाण्याने नाव झालं, १९५० साली कंट्री गाण्यांच्या यादीत २१ आठवडे एक नंबरवर, ते समुद्राचं नाहीच, आगगाडीचं आहे! स्टेशनात झोपलेला पोरगा, अजून काय गाणार.

बाकी टिकल्याटिकल्यांचे चकचकीत कोट आहेत, आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी लाजावं असे, आणि त्याची १९४७ ची कॅडिलॅक गाडी. पोरं तिथे रमतात, पुढे कंटाळतात. गाणी माहीत नसतील तर तासभर पुरे, बायको दोन तास हलली नाही.

५ पैकी ४ स्टार, एक मी कंट्रीवाला नाही म्हणून कापला. जेवण मात्र घरून न्या, वाटेत एका ठिकाणी हॅडॉक मासा खाल्ला, ना तिखट ना आंबट, हर्णैच्या माणसाने डब्यातलं लोणचं काढलं.