बसायचं कुठे: परमिट रूम, हॅपी अवर्स की कुणाचं तरी घर?

'शुक्रवारी बसायचं का?' याला सगळ्यांचा होकार दोन मिनिटांत येतो. 'कुठे' यावर मात्र अर्धा तास जातो. चौघं मित्र, माणशी तीन पेग आणि चार घास खाणं, एवढं धरून मुंबई-पुण्याचा हिशेब मांडतो. जुने अंदाज आता सोडून द्या. २०२३ मध्ये परमिट रूममधला व्हॅट ५ वरून १० टक्के झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं (व्हिस्की, रम वगैरे) उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं.

माझं मत आधीच सांगतो: नॉन-एसी परमिट रूम. क्वार्टर तीच, किचन तेच, पण जिना चढून एसीत बसलात की मेनूकार्डावरचा दुसरा रकाना लागू होतो. इथे सुटे पेग मागवू नका, क्वार्टर मागवा. १८० मिलीत ३० चे सहा पेग होतात, म्हणजे चौघांना दोन क्वार्टर पुरतात, आणि सील समोर फुटतं. शेंगदाणे-काकडी बहुतेक ठिकाणी फुकट येते, मसाला पापडाचे पैसे लागतात. खरी गळती मात्र सोड्यात आणि पाण्यात असते. बसल्याबसल्या वेटर न विचारता बाटलीबंद पाणी फोडतो. 'साधं पाणी आण' हे टेबलाला हात लावायच्या आत म्हणायचं. आमच्या एका बिलात सोडा, कोल्ड्रिंक आणि पाणी मिळून तिसऱ्या क्वार्टरएवढे पैसे झाले होते, तेव्हापासून मी हे मोजतो.

पब परवडतो तो फक्त वेळेत पोचणाऱ्याला. हॅपी अवर्समधलं वन प्लस वन बहुधा आठच्या आत संपतं, आणि ऑफिस सुटून ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत साडेसात वाजलेले असतात. मग आठच्या ठोक्याला घाईघाईने दोन-दोन ग्लास समोर मांडले जातात, ही बचत नव्हे. ऑफर कुठल्या ब्रँडवर आहे तेही आधी विचारा. बिअरचा भाव मिलीत काढा: दीड लिटरचा पिचर म्हणजे ३३० मिलीच्या साडेचार पाइंट, त्याहून महाग असेल तर पाइंटच घ्या. ताजी क्राफ्ट बिअर हवी असेल तर गोष्ट वेगळी. पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवणारी) २००९ मध्ये सुरू झाली, ती चव परमिट रूममध्ये मिळणार नाही, तिथे पैसे मोजावेत.

बिल आल्यावर खालच्या ओळी वाचा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, हॉटेलला तो परस्पर लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची ही मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. शांतपणे 'काढून द्या' म्हटलं की बहुतेक वेळा काढतात. जेवणावर जीएसटी, दारूवर व्हॅट. दारूच्या रकमेवर जीएसटी दिसला तर बिल परत पाठवा.

घरी बसणं कागदावर सगळ्यात स्वस्त. जून २०२५ च्या दरांनुसार भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची क्वार्टर किमान २०५ रुपयांपासून, म्हणजे पेग साधारण ३४ रुपयांना. पण रात्री दहाला कुणीतरी बिर्याणी मागवतो आणि फरक तिथेच जिरतो. वर ज्याचं घर, त्याची सकाळ भांडी घासण्यात जाते, म्हणून आमच्यात यजमानाचा वाटा माफ असतो.

गाडी कुठल्याच पर्यायात धरू नका. पहिल्यांदा पकडलं गेलात तरी दंड दहा हजारांपर्यंत. रिक्षा किंवा कॅबचे पैसे आधीच बजेटात घाला, नाहीतर शेवटच्या लोकलवर नजर ठेवून उठा.

आणि चौघांतला एक लाइम सोड्यावर असेल, तर वेटरला सुरुवातीलाच 'दारूचं बिल वेगळं' सांगून ठेवा. जेवण चौघांत, दारू तिघांत.