उरलेल्या पास्ता सॉसची चिली: राजमा की अख्खा मसूर?

चिली म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सासचा तिखट, दाट रस्सा; मूळ चिली मांसाची. पास्त्याचा बिनमांसाचा टोमॅटो सॉस दोन वाट्या उरला, की मी तिची शाकाहारी बहीण करते. राजमा घातला तर दाणा सुटा राहतो, चावायला भरीव लागतो. पण तो रात्रभर भिजवून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवूनच सॉसमध्ये घालायचा. टोमॅटोच्या आंबटपणात कच्चट दाणा शिजता शिजत नाही, आणि अर्धकच्चा राजमा पोट बिघडवतो. अख्ख्या मसुराला भिजवणं लागत नाही. कुकरमध्ये पटकन मऊ होतो, थोडा फुटून सॉसला खिम्यासारखा दाटपणा देतो. जिरेपूड, लाल तिखट, ढोबळी मिरची दोन्हीकडे सारखीच. घाईत मसूर बरा. सवड असेल तर मी राजमाच घेते, दुसऱ्या दिवशी तो छान मुरतो.