स्पॅनिश वाक्प्रचार शिकताना वहीत अर्थ कोणत्या भाषेत लिहावा : इंग्रजीत की मराठीत?

आपल्याकडे स्पॅनिश शिकू लागलेल्या बहुतेकांच्या हाती इंग्रजीतून लिहिलेले पुस्तक असते, आणि त्यामुळे वहीत डावीकडे स्पॅनिश वाक्प्रचार व उजवीकडे इंग्रजी अर्थ ही मांडणी फारसा विचार न होताच ठरून जाते. माझ्याही पहिल्या वहीत तीच होती. पुढे मी उजवीकडचा रकाना मराठीत लिहू लागलो. या दोन्ही मांडण्या काही वर्षे वापरल्यानंतर नवशिक्याने कोणती कुठे निवडावी, याविषयी माझे मत बरेचसे पक्के झाले आहे.

मराठीची खरी ताकद वाक्यरचनेत दिसते. ‘मे गुस्ता एल ते’ म्हणजे मला चहा आवडतो. इंग्रजीत येथे ‘मी’ कर्ता होतो, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य उलटे वाटते आणि त्यासाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण द्यावे लागते. मराठी माणसाला मात्र ते सरळच ऐकू येते, कारण दोन्ही भाषांत आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी असते आणि क्रियापद तिच्याप्रमाणे बदलते : ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे मला आंबा आवडतो, ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे मला आंबे आवडतात. गुस्ता आणि गुस्तान यांतला फरक म्हणजे नेमका आवडतो आणि आवडतात यांतला फरक. ‘मे दा मिएदो’ आणि मला भीती वाटते, ‘मे दुएले ला काबेसा’ आणि माझे डोके दुखते, या जोड्याही अशाच जुळतात.

याहून सुंदर उदाहरण फुटलेल्या पेल्याचे आहे. हातातला पेला निसटून फरशीवर पडला की स्पॅनिश माणूस ‘से मे कायो एल बासो’ असे म्हणतो. पेला पडला, आणि जे झाले ते माझ्या बाबतीत, नकळत झाले, हा भाव त्या एवढ्याशा ‘से मे’मध्ये असतो. इंग्रजी रकान्यात ‘मी पेला पाडला’ अशा अर्थाचे वाक्य येते आणि हा भाव गळून पडतो. मराठीत ‘माझ्या हातून पेला पडला’ असे लिहिले की तो जसाच्या तसा राहतो. ‘से मे ओल्बिदो’ला ‘माझ्या लक्षातून गेले’ हे उत्तर असेच चपखल बसते. अशा वाक्यांसाठी इंग्रजीचा वळसा घेणे म्हणजे हातच्या काकणाला आरसा लावणे आहे.

चित्रमय वाक्प्रचारांत मात्र दोन्ही रकाने जवळपास बरोबरीचे ठरतात. ‘मेतेर लास नारीसेस’ला नाक खुपसणे जुळते, पण इंग्रजीतही नाकच खुपसतात. मराठीचा लाभ येथे स्मरणापुरता आहे. ‘योबेर आ कांतारोस’ म्हणजे घागरींनी पाऊस पडणे आणि आपला पाऊस मुसळधार, ‘एचार लेन्या आल फुएगो’त आगीत लाकूड टाकतात आणि आपण तेल ओततो : अशी दोन चित्रे शेजारी ठेवली की ती विसरत नाहीत. ‘सेर पान कोमीदो’ म्हणजे अगदी सोपे असणे, शब्दशः ‘खाल्लेला पाव असणे’. त्यातला ‘पान’ आणि पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आलेला ‘पाव’ हे शब्द एकाच लॅटिन मुळाचे आहेत.

मराठी रकाना कुठे फसवतो, तेही सांगितले पाहिजे. ‘तोमार एल पेलो’ म्हणजे शब्दशः ‘केस घेणे’. केस म्हटले की आपल्याला केसाने गळा कापणे आठवते, पण तो विश्वासघात झाला, आणि स्पॅनिशमध्ये ही नुसती थट्टा आहे. म्हणून तेथे ‘फिरकी घेणे’ असे लिहावे. ‘नो तेनेर पेलोस एन ला लेंग्वा’, म्हणजे जिभेवर केस नसणे, हे जिभेला हाड नसण्यासारखे दिसते. आपल्या वाक्प्रचारात दूषण आहे. स्पॅनिशमध्ये स्पष्टवक्तेपणा आहे, आणि पुष्कळदा त्यात कौतुकाची छटा असते. ‘तेंगो आंब्रे’ला तर दोन्ही भाषा अपुऱ्या पडतात : इंग्रजीतला माणूस भुकेला ‘असतो’, मराठीत भूक ‘लागते’, आणि स्पॅनिशमध्ये ती जवळ ‘असते’. येथे अर्थाशेजारी ‘माझ्याजवळ भूक आहे’ असा शब्दशः अर्थ लिहिल्याखेरीज चूक टळत नाही.

वहीत देशाचे नावही लिहावे. स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी ‘कोखेर’ हे रोजचे क्रियापद आहे. मेक्सिको आणि अर्जेंटिनात ते अश्लील ठरते, म्हणून तेथे ‘तोमार’ वापरावे. ‘मे दा पेना’ म्हटले तर स्पेनमध्ये वाईट वाटते, मेक्सिकोत लाज वाटते. शंका आल्यास १७१३ साली स्थापन झालेल्या रेआल अकादेमिया एस्पान्योला या संस्थेचा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. त्यात वाक्प्रचार सहसा त्यातल्या पहिल्या नामाखाली सापडतो, म्हणजे ‘तोमार एल पेलो’ पाहायचा तर ‘पेलो’ शोधावा.

तेव्हा ज्यांचा विचार मराठीत चालतो, त्यांनी पहिल्या वर्षी मराठी रकाना निवडावा, आणि उच्चारही देवनागरीत लिहावा, कारण स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. अमेरिकेत शाळेत स्पॅनिश घेणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी वाक्प्रचारच अनोळखी असतील, तर त्यांच्यासाठी इंग्रजी रकाना बरा. फक्त ‘मे गुस्ता’ शिकवताना आईने किंवा आजीने ‘मला आवडतं’ शेजारी म्हणून दाखवावे. इन्स्टिट्यूटो सर्व्हांटिस या स्पॅनिश भाषेच्या संस्थेच्या डेले, म्हणजे स्पॅनिशच्या प्रावीण्य परीक्षेची तयारी करणाऱ्याने मात्र मध्यम पातळी गाठली की दोन्ही रकाने सोडून अर्थ सोप्या स्पॅनिशमध्येच लिहायला लागावे, कारण त्या परीक्षेतल्या सूचनाही स्पॅनिशमध्येच असतात.