केसॅन: फुकट आहे, पण रॅम खातं

स्टोरेज ड्रायव्हरचा क्रॅश जागेवर सापडेल तर शपथ. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) कोसळतो फाइलसिस्टीममध्ये, चोर भलतीकडेच. लिनक्स ४.० पासून (२०१५) कर्नलमध्येच असलेलं केसॅन (KASAN, मेमरी चुकीची वापरली की ओरडणारं साधन) मात्र त्याला रंगेहाथ पकडतं. आमच्या ड्रायव्हरमध्ये टाइमआउट झाला की रिक्वेस्टची मेमरी मोकळी व्हायची आणि मागाहून आलेला इंटरप्ट (डिव्हाइसचा इशारा) तीच वाचायला जायचा. केसॅनच्या रिपोर्टमध्ये तिन्ही स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची यादी) एकाखाली एक: कोणी वाचली, कोणी घेतली, कोणी सोडली. अजून काय पाहिजे? साध्या जेनेरिक मोडमध्ये दर ८ बाइटमागे १ बाइट हिशोबाला जातो, म्हणजे रॅमचा आठवा हिस्सा गेलाच. मशीन रडतखडत चालतं, त्यात टायमिंगचे बग कधी कधी दडीही मारतात. आणि डिव्हाइसने डीएमएतून, म्हणजे प्रोसेसरला वगळून, परस्पर मेमरी खराब केली, तर याला पत्ताही लागत नाही. तिथे आयओएमयू (डिव्हाइसला कुठल्या मेमरीला हात लावता येईल ते ठरवणारं हार्डवेअर) चालू करून बघा.