बर्डीचा घडीवाला आणि माझं कायनेटिक

एसटीत कंडक्टर होतो, बहुतेक वर्षं काटोल लाइनला. सीकोचं हे कायनेटिक, म्हणजे हात हलला की चार्ज होणारं घड्याळ तेव्हा रोज हातावर. टिकीट फाडा, घंटी मारा, दांडा धरा. हात दिवसभर हलता, त्यामुळे सेलचा विचार कधी केलाच नाही. रिटायर झालो आणि घड्याळ कपाटात गेलं. आठ वर्षांनी काढलं तर ठप्प. चूक माझीच.

पहिल्या दुकानात (नाव जाऊ द्या) पोरगा म्हणाला, "साधा सेल टाकून देतो, दीडशे रुपये." बरं झालं, हो म्हटलं नाही.

नागपुरातल्या बर्डीच्या गल्लीतल्या या कारागिराने झाकण उघडलं आणि भिंग माझ्याच हातात दिलं. आत अर्धचंद्रासारखं एक वजन. हात हलला की ते फिरतं, दातेरी चाकं तो वेग वाढवत नेतात आणि शेवटचं इवलंसं चुंबक मिनिटाला एक लाख फेऱ्यांपर्यंत जातं. शेजारच्या कॉइलमध्ये वीज होते, ती चार्ज होणाऱ्या सेलात साठते. तिथे साधा सेल बसवला तर घड्याळ त्यालाही चार्ज करत राहणार. तो गळेल नाहीतर फुटेल. "काका, दीडशेत अख्खी घडी गेली असती न बाप्पा!" १९८८ मध्ये बाजारात आलेली युक्ती, आणि इतकी वर्षं मनगटावर बाळगून मला हे माहीत नव्हतं.

सेल मुंबईहून मागवला. चौदाशे रुपये, अकरा दिवस. काम चोख, पाणी शिरू नये म्हणून मागची रबरी रिंगही नवी टाकली. पण फोन करून कळवतील म्हणाल तर विसरा, तीन चकरा झाल्या. दुपारी दोन ते चार शटर खाली, आणि मे महिन्यात बर्डीला दोन वाजता उभं राहून बघा!

आता फुटाळा तलावाला रोज तासभर चालतो. पूर्वी मागे हात बांधून चालायचो, ते बंद केलं. दोनच्या आकड्याजवळचं बटण दाबलं की साठा कळतो: सेकंदकाटा तीस सेकंद पुढे पळाला तर सेल भरलेला, पाचच पळाला तर जेमतेम. घरी आणलं तेव्हा पाच होते. काल दहा पळाला. बायको म्हणते, पोळ्या लाटायला बसा, तीस होतील.