मैल्याचा खड्डा बंद करून सेप्टिक टाकी आणि शोषचर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

जुना मैल्याचा खड्डा बुजवून त्याजागी सेप्टिक टाकी आणि शोषचर (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारे उथळ चर) बसवले, त्याला आता बरेच महिने झाले. मधे कडक उन्हाळा गेला, अख्खा पावसाळा गेला, घरात पाहुण्यांची गर्दी होऊन गेली. म्हणून आता लिहितेय. नवी व्यवस्था पहिले काही आठवडे कुठलीही असो, चांगलीच चालते. जमीन किती पाणी पिते आणि किती काळ पिते, हे पावसाळ्याशिवाय कळत नाही.

आधी आमच्याकडे खोल गोल खड्डा होता. आतून सांधे न भरता रचलेल्या विटा आणि वर काँक्रीटचं झाकण. संडास, मोरी, स्वयंपाकघर, सगळ्यांचं पाणी थेट त्यातच. घन मैला तळाशी बसायचा आणि पाणी विटांच्या फटींतून आजूबाजूला मुरायचं. असा खड्डा वर्षानुवर्षं मुकाट्याने काम करतो, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. मग कधीतरी कमोडमधलं पाणी सावकाश उतरायला लागतं, मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो, आणि उपसा करणारी गाडी बोलवावी लागते. उपसल्यावर थोडे दिवस बरं चालतं. पुढचा उपसा आधीपेक्षा लवकर करावा लागतो, त्याच्या पुढचा आणखी लवकर. आमचं हेच झालं.

याचं कारण समजून घेतलं तेव्हाच नवीन काय बसवायचं ते ठरवता आलं. खड्ड्याच्या बाजूंवर, जिथून पाणी मातीत शिरतं तिथे, जिवाणूंचा काळा बुळबुळीत थर चढतो. त्यात स्वयंपाकघरातलं तेल, साबणाचा चिकटा आणि मैल्याचे बारीक कण अडकतात आणि मातीची छिद्रं बुजतात. खोलवर हवा पोचत नाही, त्यामुळे हा थर खाऊन टाकणारे, प्राणवायूवर जगणारे जिवाणू तिथे टिकत नाहीत. उपसा करून खड्डा रिकामा होतो, पण बुजलेली छिद्रं मोकळी होत नाहीत. त्यामुळे ‘शेजारी आणखी एक खोल खड्डा मारू’ हा जो पहिला सल्ला मिळाला, तो आम्ही घेतला नाही. ते दुखणं तसंच ठेवून जागा तेवढी बदलणं झालं असतं. शिवाय खड्डा जितका खोल, तितकं न गाळलेलं घाण पाणी भूजलाच्या जवळ जातं. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर अशा खड्ड्यांमुळे पिण्याचं पाणी आणि समुद्रकिनारा दोन्ही बिघडतं, म्हणून तिथे २०१७ मध्ये कायदा झाला आणि बहुतेक सगळे खड्डे २०५० पर्यंत बदलायचे ठरले.

आम्ही काय बसवलं ते सांगते. दोन कप्प्यांची तयार काँक्रीटची टाकी, ३००० लिटरची. घरात पाच माणसं. माणशी दिवसाला १३० लिटर पाणी धरलं तर दिवसाचे ६५० लिटर होतात. टाकीत पाणी निदान चोवीस तास संथ राहिलं पाहिजे, आणि तळाला गाळ साठायलाही जागा हवी. तो हिशेब यात नीट बसतो. पहिला कप्पा मोठा, साधारण दोन-तृतीयांश. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तोंडांना टी-पाइप, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचे पाइप आहेत. बाहेरचं तोंड आतल्यापेक्षा थोडं खाली असतं, नाहीतर पाणी घराकडे तुंबतं. जड मैला तळाशी बसतो, तेल-तुपाची साय वर तरंगते आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी तेवढं पुढे जातं. हे पाणी शुद्ध नसतं, त्यात रोगजंतू भरपूर असतात. खरी सफाई पुढे मातीत होते.

म्हणून माझं या विषयातलं सगळ्यात ठाम मत असं, की लोक टाकीची चौकशी करतात आणि मातीची करत नाहीत. टाकी प्लास्टिकची घ्यावी की काँक्रीटची, कोणत्या रंगाची, किती जाडीची, यावर तासन्‌तास बोलणं होतं. पाणी शेवटी जाणार कुठे, हे विचारलं तर ‘शोषखड्डा करू की’ एवढंच उत्तर येतं. आम्ही ज्यांच्याकडून आराखडा करून घेतला, त्यांनी पहिल्या भेटीत टाकीचा विषयच काढला नाही. त्यांनी पाझर चाचणी मागितली.

ही चाचणी साधी आहे आणि ती करताना प्रत्येकाने शेजारी उभं राहून बघावी. शोषचर जिथे येणार तिथे, चराच्या तळाएवढ्या खोलीपर्यंत लहान खड्डे घेतात. बाजूंची माती खरवडून मोकळी करतात, तळाला थोडी खडी टाकतात आणि पाणी भरून रात्रभर मुरू देतात. कोरडी माती पहिलं पाणी घटाघटा पिते, त्यावरून काही ठरवलं तर ते खोटं ठरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरायचं आणि पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. आमच्याकडे वीस मिनिटांच्या आसपास लागली. तासापेक्षा जास्त वेळ लागला तर माती चिकण आहे, तिथे साधी शोषव्यवस्था करू नये. अगदी मिनिटा-दोन मिनिटांत उतरलं तरी आनंदायचं कारण नाही, कारण तिथे पाणी गाळलं न जाताच खाली पळतं.

आमच्या आकड्यावरून चराच्या तळाच्या दर चौरस मीटरला रोज ४५ लिटर पाणी मुरेल असं धरलं. म्हणजे साधारण साडेचौदा चौरस मीटर तळ हवा. ६० सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटर लांब असे दोन चर त्याला पुरतात. आम्ही तीन केले. दोन कामात आणि एक विश्रांतीला, आळीपाळीने. वाटणी करणाऱ्या चेंबरमध्ये बूच बदललं की पाणी दुसरीकडे वळतं. विश्रांतीच्या चरात हवा शिरते आणि तो काळा थर आपोआप झिजतो. जागा असेल तर तिसऱ्या चराचा खर्च टाळू नका. माझ्या मते या सगळ्या कामात त्याच्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही.

चर मुद्दाम उथळ ठेवतात, कारण जिवंत माती वरच्या थरात असते. तळाला धुतलेली खडी, त्यावर भोकं पाडलेला १०० मिलिमीटरचा पाइप, पुन्हा खडी, वर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड आणि मग माती. कापड नसेल तर वरची माती खडीत उतरते. खोदताना एका गोष्टीवर मी स्वतः उभी राहून लक्ष ठेवलं. ओल्या मातीत यंत्राचा बकेट फिरला की चराच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी आत शिरत नाही. म्हणून माती कोरडी असतानाच खोदाई केली, आणि नंतर दाताळ्याने तळ आणि भिंती खरवडून घेतल्या. एवढ्याशा कामाला गडी कंटाळतात, पण ते राहिलं तर नवा चर पहिल्या दिवसापासूनच अर्धा बुजलेला असतो.

विहीर असेल तर अंतर सांभाळावंच लागतं. अनेक ठिकाणच्या नियमांत टाकीसाठी १५ मीटर आणि शोषक्षेत्रासाठी, म्हणजे चरांसाठी, ३० मीटर असं असतं. पण आपल्या भागात नियम काय आहे ते स्थानिक कार्यालयातून लेखी घ्या, तोंडी सांगण्यावर काम सुरू करू नका.

प्लास्टिकची टाकी आम्ही का घेतली नाही, हे बऱ्याच जणांनी विचारलं. ती हलकी असते, वाहायला सोपी आणि गळत नाही. पण आमच्याकडे पावसात भूजल वर येतं. अशा जागी टाकी उपसून रिकामी केली की खालून पाणी तिला उचलतं आणि पाइपांचे सांधे तुटतात. नीट जखडून बसवली तर तीही चालते. काँक्रीटच्या टाकीचा सांधा मात्र तपासावा लागतो. पाणी काठोकाठ भरून एक दिवस ठेवलं, पातळी तशीच राहिली, मगच भोवतीची माती भरू दिली.

जुन्या खड्ड्याचं काय केलं, हेही लिहायला हवं, कारण अनेक ठिकाणी नुसतं झाकण ठेवून विसरून जातात. काही वर्षांनी झाकण कुजतं किंवा विटा खचतात आणि माणूस नाहीतर जनावर आत जातं. आमचा खड्डा पूर्ण उपसला, वरचं बांधकाम फोडून आत ढकललं आणि थराथराने वाळू-खडी भरून दाबली. यात कोणीही आत उतरलं नाही आणि उतरू द्यायचंही नव्हतं. अशा खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात, प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. एक जण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी जीव तुटतो. कोणी ‘आत उतरून साफ करून देतो’ म्हणालं तर त्याला काम देऊ नका. मग तो कितीही अनुभवी असो आणि पैसे कितीही कमी सांगो.

आता वापराबद्दल. सुरुवातीचे काही आठवडे टाकीच्या बाजूला आंबूस वास यायचा. जिवाणूंचा जम बसेपर्यंत तो येतो. त्यासाठी पुड्या आणि द्रावणं विकायला येतात, आम्ही काहीही टाकलं नाही. लागणारे जिवाणू मैल्यातच असतात. नंतर वारा पडला की अंगणात कधी कधी वास रेंगाळायचा, म्हणून व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतला वायू बाहेर सोडणारा पाइप, छपराच्या वर नेला. तेव्हापासून तक्रार नाही.

पावसाळ्यात माझं सगळं लक्ष चरांवर होतं. संततधारेत सलग काही दिवस वाटणीच्या चेंबरमधलं पाणी नेहमीपेक्षा वर होतं, पण घरात कुठेही तुंबलं नाही आणि चरावर पाणी वर आलं नाही. यात छपराचं आणि अंगणाचं पाणी पूर्ण वेगळं काढल्याचा मोठा वाटा आहे. पावसाचं पाणी टाकीत सोडलं की गाळ ढवळून चरात जातो आणि मग चरांचं आयुष्य संपतं. पहिल्या पावसात चरावरची माती एका जागी खचली. ती दाबून न बसवता उंचवटा ठेवून पुन्हा भरली.

घरातल्या सवयी बदलाव्या लागल्या आणि ते सोपं गेलं नाही. तळणीचं तेल मोरीत जात नाही. ताटं-भांडी आधी पुसून मग धुतली जातात. ओले टिश्यू (वेट वाइप्स), सॅनिटरी पॅड, औषधांच्या उरलेल्या गोळ्या यातलं काहीही कमोडमध्ये नाही. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ओले टिश्यू पाण्यात विरघळत नाहीत. जंतुनाशकाचा आधी रोज मारा असायचा, तो सासूबाईंनी स्वतःहून कमी केला. कपड्यांचं मशीन एकाच दिवशी ओळीने चालवत नाही, आठवड्यात विभागून चालवतो. एकदम खूप पाणी आलं की टाकीत निवळायला वेळ मिळत नाही.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. अंगणाचा मोठा भाग अडकला. चरांवर गाडी लावता येत नाही, फरशी घालता येत नाही, झाडं लावता येत नाहीत, कारण मुळं पाण्याच्या वासाने पाइपात शिरतात. तिथे आता नुसतं गवत आहे. लहान प्लॉट असेल तर ही व्यवस्था बसणारच नाही, आणि रस्त्यापर्यंत सार्वजनिक गटार आलं असेल तर सरळ त्याला जोडून घ्यावं. बाहेरच्या तोंडाशी बसवलेला जाळीचा गाळणाही अधूनमधून काढून धुवावा लागतो. हातमोजे घालून, आणि धुतलेलं पाणी पुन्हा टाकीत. काम घाणेरडं आहे, पण चरात जाणारा गाळ तिथेच थांबतो, म्हणून गाळण्याशिवाय टाकी घेऊ नका.

झाकणं जमिनीच्या पातळीपर्यंत वर आणून घेतली, याचा उपयोग मात्र रोज पटतो. टाकी कुठे आहे ते शोधायला खणावं लागत नाही. झाकणं जड आहेत आणि कुलूप लागेल अशी आहेत. घरात मूल असेल तर यावर तडजोड नको.

गाळ किती साठला ते बाहेर उभं राहूनच, झाकण उघडून, लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून बघता येतं. फडक्यावर काळा डाग जिथपर्यंत येतो तेवढा गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक-तृतीयांशापर्यंत पोचले की उपसा करायचा. नेहमीच्या वापरात ही वेळ तीन ते पाच वर्षांनी येते. आमचा गाळ अजून बराच खाली आहे. पुढची मोजणी पावसाळ्याआधी करणार आहोत, आणि त्याच दिवशी बूच बदलून तिसरा चर कामाला लावणार आहोत.